चित्र एकदम स्वच्छ

९ जानेवारी

बारक्या,

फोनवर तू विचारतोस कशी आहेस, मी म्हणते बरी आहे, आणि तिथेच आपलं बोलणं संपतं. कागद पुढ्यात घेतला की दोन ओळी जास्त सुचतात, म्हणून लिहितेय.

काम असं आहे. आमचा टीव्ही बिघडलाय असं यांचं म्हणणं. मला तसं काही वाटत नाही. रंग आहेत, आवाज आहे, माणसांची तोंडं ओळखू येतात. पण हे ड्यूटीवरून आले की खुर्ची रोज थोडी पुढे ओढतात आणि म्हणतात, चित्र विटलंय, मधोमध डाग पडलाय. गेल्या आठवड्यात रिपेअरवाल्याला बोलावलं. त्याने मागचं झाकण उघडून धूळ काढली, पाच-सहा चॅनेल फिरवून बघितले आणि म्हणाला, ट्यूब जुनी झालीय, पण डाग काही दिसत नाही. हे म्हणाले, तुला दिसत नसेल. तो हसून निघून गेला.

आता यांनी त्या पातळ टीव्हीचं मनात घेतलंय. निवृत्तीला अकरा महिने राहिले. जन्मभर बस चालवली, आता पुढे घरातच बसायचं, तर समोर एक चांगली वस्तू असावी, असं म्हणतात. तू रोज तेच विकतोस, तर तूच सांग. घरात त्याचा खरंच काही फायदा असतो, की नुसती हौस?

मला स्वतःचं काही मत नाही. हल्ली कशाचंच नसतं. हॉस्पिटलात फाटक्या चादरी माझ्या टेबलावर येतात. मी भोक बघते, ठिगळ कापते, मशीन मारते, पुढची घेते. घरी आल्यावर तेच चालू राहतं, फक्त चादरी नसतात. लेक नोकरीला गेल्यापासून आम्ही दोघं आणि टीव्ही असे तिघं राहतो, आणि तिघांत बोलका तो एकटाच.

ताई

१६ जानेवारी

ताई,

तू माझ्या धंद्यातलं काही विचारशील असं मला जन्मात वाटलं नव्हतं. या दुकानात लागून मला सात वर्षं झाली. त्यामुळे पुढचं वाचताना मी गळ्यात टाय अडकवून तुझ्यासमोर उभा आहे असं समज.

पहिली गोष्ट जागा. तुझा सध्याचा टीव्ही खोलीत हातभर पुढे आलेला आहे, आणि त्याच्याखाली ती चाकांची ट्रॉली. मी आलो की माझा गुडघा तिच्यावर आपटतोच. एलसीडी भिंतीला लागून बसतो, फोटोच्या चौकटीसारखा. तो कोपरा आख्खा मोकळा होईल. दुसरं वजन. तुझं ते खोकं हलवायला दोन माणसं लागतात आणि दोघंही नंतर कंबर धरतात. हा मी एकटा उचलतो. वीज निम्म्याच्या आसपास लागते. तापत नाही. जुन्या काचेत खिडकी दिसायची, ट्यूबलाइट दिसायची, तू स्वतः दिसायचीस. याच्या पडद्यावर तसली चमक नसते, त्यामुळे दुपारी पडदे ओढून बसायला नको. खालून बातम्यांची पट्टी जाते तिची अक्षरं कोरल्यासारखी दिसतात.

आणि सगळ्यात मोठा फायदा, जो मी प्रत्येक गिऱ्हाइकाला शेवटी सांगतो: डोळ्यांना त्रास नाही. जुन्या ट्यूबचं चित्र सारखं थरथरत असतं, आपल्याला कळत नाही पण डोळे शिणतात. यात ते नाही. भाऊजी आठ-आठ तास रस्त्याकडे बघून येतात, त्यांच्यासाठी तर हाच.

तेव्हा हौस म्हणू नकोस. भाऊजींना सुट्टीच्या दिवशी पाठव, बसने तीन तासांचा तर रस्ता. मी स्वतः दाखवतो.

तुझा बारक्या

२५ जानेवारी

बारक्या,

मंगळवारी हे येतायत. मला रजा नाही, वॉर्डांची वार्षिक कापडमोजणी चालू आहे. भिंतीचं माप चिठ्ठीवर लिहून यांच्या खिशात ठेवलंय. चिठ्ठी तू वाच. यांना वाचायला सांगितलंस तर चष्मा शोधण्यात अर्धा दिवस जाईल. तो हल्ली सारखा हरवतो.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

भाऊजी आले, जेवले, टीव्ही ठरवून गेले. बेचाळीस इंची घेतलाय. तुमच्या खोलीला बत्तीस पुरला असता, मी तसं म्हणूनही पाहिलं, पण त्यांना मोठाच हवा होता. दुकानात आठ टीव्ही एका रांगेत लावलेले असतात. ते प्रत्येकासमोर बराच वेळ उभे राहिले, चौकटीवरून हात फिरवला. आमचा मॅनेजर म्हणाला, असं चोखंदळ गिऱ्हाईक फार दिवसांनी पाहिलं.

फिटिंगवाले दोघं पुढच्या शनिवारी येतील. खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य येईल अशा उंचीवर बसवून घे. लोक फार वर टांगतात आणि मग मान दुखते म्हणून आम्हाला फोन करतात.

भाऊजींना मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. बाकी काही विशेष नाही. तब्येतीला जप, त्यांच्याही.

तुझा बारक्या

२१ फेब्रुवारी

बारक्या,

टीव्ही लागला. तू लिहिलं होतंस ते सगळं खरं निघालं, म्हणून मुद्दाम कळवते. कोपरा मोकळा झाला. ट्रॉली खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने वह्या ठेवायला नेली. त्या जागी मी काही ठेवलेलं नाही. खोली मोठी झाल्यासारखी वाटते, आणि हे येता-जाता कशाला तरी धडकायचे ते बंद झालं. दुपारचं ऊन पडद्यावर पडतं तरी चित्र दिसतं. बातम्यांची पट्टी मी स्वयंपाकघराच्या दारातून वाचू शकते. शेजारची माणसं बघून गेली. कुणी भिंतीला गाल टेकवून बघितलं, इतका पातळ कसा म्हणून.

खुर्ची मात्र पुन्हा पुढे यायला लागलीय. सवय असेल.

ताई

५ मार्च

ताई,

तुझ्या पत्राने बरं वाटलं. भाऊजी नीट बघतात ना? म्हणजे, त्यांना आवडला ना? उंची बरोबर आहे ना? खुर्ची फार जवळ नको, निदान सहा फूट हवी. ड्यूटीवर सध्या कसं आहे? सकाळचीच पाळी का? निवृत्ती आधी घेता येते का, असं त्यांनी कुणाला विचारलंय का? सहज विचारतोय. आमच्या दुकानातल्या एकाने घेतली.

पत्र लवकर टाक.

तुझा बारक्या

११ एप्रिल

बारक्या,

तुझ्या पत्राला महिना झाला. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. आता जे झालं ते सरळ सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी टीव्हीच्या मागची धूळ फडक्याने पुसली. त्यात पिवळ्या टोकाची, चित्राची वायर निघाली, मला कळलं नाही. आवाजाच्या लाल आणि पांढरी जागेवर होत्या. हे चार वाजता आले, हातपाय धुतले, टीव्ही लावून बसले. मॅच होती. मी चहा घेऊन आले तेव्हा सामना सांगणाऱ्यांचा आवाज येत होता आणि पडदा नुसता निळा होता. आख्खा निळा, वर काही नाही. हे खुर्चीत पुढे वाकून बघत होते.

मी विचारलं, "कसं दिसतंय?"

"एकदम स्वच्छ," हे म्हणाले. "जुन्यापेक्षा कितीतरी चांगलं."

मी चहा त्यांच्या हातात दिला. हल्ली हातातच देते. मग स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. ती आधीच घासलेली होती. यांची मॅच संपली, टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी वायर लावली.

आज त्याला सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत रोज सकाळी सव्वापाचला मी यांचा डबा भरून दिलाय. डब्याचं झाकण नीट लागलंय ना हे दोनदा बघते. हे बूट घालतात, जातात, अकरा नंबरची बस बाहेर काढतात. साठ-सत्तर माणसं असतात त्यात. मला हे सगळं माहीत आहे आणि मी डबा भरते. घाबरायला हवं ना? मी वाट बघितली, भीती येईल म्हणून. आली नाही. हातपाय बधिर होतात तसं काहीतरी झालंय, फक्त ते हातापायांत नाही.

तू मार्चमध्ये जे विचारलंस ते सहज नव्हतं. तुला माहीत होतं का?

ताई

१५ एप्रिल

ताई,

माहीत होतं.

त्या मंगळवारी मी त्यांना पहिल्या टीव्हीसमोर उभं केलं आणि नेहमीची टेप सुरू केली. ते मान हलवत होते. चौथा टीव्ही त्या दिवशी बंद होता, त्याचा बोर्ड जळला होता. भाऊजी त्याच्यासमोरही थांबले आणि म्हणाले, याचे रंग जरा गडद आहेत. मग माझ्या लक्षात आलं, चौकटीवरून हात का फिरवतायत. मोठा कुठला ते हाताने बघत होते.

स्टँडवर चहा पिताना मी विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले दीड वर्ष झालं, समोर मधोमध एक ठिपका असतो, कडेचं सगळं दिसतं. रस्ता एकोणीस वर्षांचा पाठ आहे. डेपोतल्या डोळ्यांच्या तपासणीत तक्ताही तोच असतो, तोही पाठ आहे. मी म्हटलं, ताईला सांगा. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. ताई, भाऊजींनी आजवर कधी माझा हात धरलेला नाही. म्हणाले, "तिला सांगू नकोस. आधीच ती माझ्याशी बोलत नाही फारशी. एवढे महिने जाऊ दे. आंधळा म्हणून यार्डात बसवतील मला."

आणि मी परत दुकानात आलो आणि बेचाळीस इंचीची पावती केली. डोळ्यांना त्रास नाही, असं त्यांनाही सांगून झालं होतं. त्या दिवसापासून ते वाक्य दिवसातून पंधरा वेळा तोंडातून जातं आणि प्रत्येक वेळी मला ऐकू येतं.

मी तुला सांगायला हवं होतं. आता तू माझ्यावर रागव, काय हवं ते कर, पण त्यांना थांबव. मी येऊ का?

बारक्या

९ मे

बारक्या,

येऊ नकोस. जे करायचं ते करून झालं.

तुझं पत्र आलं त्यानंतरही मी दहा दिवस डबा भरला, हे आधी लिहून टाकते.

मग एका सोमवारी अर्धी रजा टाकली आणि तिसऱ्या थांब्यावर मागच्या दाराने अकरा नंबरमध्ये चढले. यांची बस मी लग्नानंतरच्या वर्षात पाहिली होती, त्यानंतर चढलेच नव्हते. कंडक्टरने मला ओळखलं. तिकीट न देताच पुढे गेला आणि यांच्या पाठीमागच्या दांडीला टेकून उभा राहिला. मी तिथून पाचव्या सीटवर होते, सगळं दिसत होतं.

त्याच्या हातात तिकिटाचा पंच होता. सिग्नल आला की तो पंच दांडीवर आपटायचा. एकदा म्हणजे लाल. दोनदा म्हणजे हिरवा. हे मागे वळूनही बघत नव्हते. टक, आणि ब्रेक. टक टक, आणि गाडी पुढे. माणसं खिडकीतून बाहेर बघत होती, एक बाई पेंगत होती. किती दिवसांचा सराव असेल. मला वाटलं, हे दोघं किती छान काम करतात. खरंच तेच वाटलं.

आमच्या हॉस्पिटलच्या आधी पट्ट्यांचं क्रॉसिंग आहे. तिथे सिग्नल नाही. कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं म्हणून कंडक्टर मागे गेला होता. एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर उतरली. बरोबर समोर, बसच्या मध्यात. यांनी ब्रेक मारला, पण कुणीतरी ओरडल्यावर मारला. बस थांबली तेव्हा त्या बाईचा तळहात बसच्या पुढच्या पत्र्यावर टेकलेला होता. जणू तिनेच ती हाताने थांबवली. मग गाडीतल्या बाळाचं पांघरूण सारखं केलं आणि पलीकडे गेली. ओरडले होते ती मीच होते. यांनी आवाज ओळखला असणार. वळले नाहीत.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. कंडक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, वहिनी, सातच महिने राहिलेत, मी आहे ना. बरा माणूस आहे. मी म्हटलं, तुम्ही मागे गेला होतात.

डेपोच्या ऑफिसात मॅनेजरच्या टेबलापुढे दोन माणसं आधीच होती, रजेचे अर्ज घेऊन. मी माझी पाळी येईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "अकरा नंबरच्या सकाळच्या ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. मी त्याची बायको आहे."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही. मला कामावर जायचं होतं. दुपारी सत्तावीस चादरी शिवल्या, नेहमीपेक्षा जास्तच.

यांची दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. तक्ता बदलला होता. कंडक्टरला लेखी नोटीस मिळाली आणि त्याला दुसऱ्या मार्गावर टाकलं. हे चालत घरी आले, बूट काढून जागेवर ठेवले आणि खुर्चीत बसले. कुणी सांगितलं ते त्यांना माहीत आहे. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. टीव्ही चालू असतो.

ताई

१६ मे

ताई,

तुझं पत्र दुकानाच्या गोडाऊनमध्ये खोक्यावर बसून वाचलं. मला जमलं नाही ते तू केलंस, एवढंच.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले होते, बायकोला घेऊन. मी जागा सांगितली, वजन सांगितलं, वीज सांगितली. डोळ्यांचं वाक्य आलं तिथे थांबलो. त्याऐवजी विचारलं, शेवटचे डोळे कधी तपासलेत? ते चिडले. म्हणाले टीव्ही घ्यायला आलोय. विक्री गेली.

भाऊजींना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन जा. जातील ते. आता लपवायला काही उरलेलं नाही.

बारक्या

२० जून

बारक्या,

गेलो होतो डॉक्टरांकडे. आमच्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या तपासणीच्या पलंगावरच्या चादरीला माझंच ठिगळ होतं, ते आधी दिसलं.

डॉक्टर बाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग यंत्रातून बघितलं. म्हणाल्या, मधली नजर गेलेली आहे, ती परत येणार नाही. कडेची राहील. सगळा अंधार होणार नाही. मग विचारलं, जास्त झालंय असं कधी जाणवलं? यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्यांच्यासमोर. म्हणाले, फेब्रुवारीत एकदा टीव्ही लावला तर सगळं निळं दिसलं. माणसं नाहीत, मैदान नाही, काही नाही. वाटलं, संपलं. हिने विचारलं कसं दिसतंय, तर काय सांगणार. रात्रभर जागा होतो. पहाटे खिडकीच्या कडेने समोरच्या गच्चीवरचा दिवा दिसला, तेव्हा उठून ड्यूटीवर गेलो.

परत येताना बसमध्ये बसल्यावर मी सांगितलं, की त्या दिवशी वायर निघाली होती, पडदा निळाच होता. दोन थांबे गेले. मग हे म्हणाले, "म्हणजे मला बरोबर दिसत होतं."

मी म्हटलं, हो.

बाकी घर जसं होतं तसं आहे. यांना डेपोने उरलेल्या महिन्यांसाठी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलंय. छत्र्या, डबे, एकेक मोजा. हाताने ओळखतात. टीव्हीचं म्हणशील तर तो चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी बघते, हे ऐकतात. तू त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस.

एक गोष्ट लिहायची की नको ते ठरत नव्हतं. लिहिते.

डॉक्टर बाई शेवटी म्हणाल्या होत्या, ज्याच्याकडे बघायचंय त्याच्याकडे सरळ बघू नका, थोडं बाजूला बघा, मग ते दिसेल. हे शिकायला वेळ लागतो. हे म्हणाले, ते मला येतं. बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं?

तुला मी कधी सांगितलं नाही, पण गेलं दीड वर्ष जेवायला बसलो की हे माझ्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून बसायचे. आधी वाईट वाटायचं. मग ठरवलं, पंचवीस वर्षांनी माणसाला बायकोचं तोंड बघायचा कंटाळा येत असेल, येऊ दे. मग मीही ताटात बघून जेवायला लागले. बोलणं त्यातच कमी होत गेलं. भांडण असं काहीच नव्हतं.

काल जेवायला बसलो. हे खिडकीकडे तोंड करून. बाहेर काही नव्हतं, समोरच्या बिल्डिंगची भिंत आहे. मी म्हटलं, "तिकडे काय बघताय?"

"तुलाच बघतोय," हे म्हणाले. "केस बारीक कापलेस का?"

मार्चमध्ये कापलेत. मी हो म्हटलं आणि उठून पाणी आणायला गेले. पाण्याचा तांब्या टेबलावर भरलेलाच होता. नळ सोडून उभी राहिले. थोड्या वेळाने हात ओला झाला, गार लागला, तेव्हा नळ बंद केला आणि परत येऊन जागेवर बसले, त्यांच्या समोर. यांनी तोंड खिडकीकडेच ठेवलं होतं. मी ताटाकडे बघितलं नाही.

ताई